कोणीच न विणलेले तीनशे दोन मीटर

चाळिसाव्या ओळीत काहीही चूक नव्हती. तरीही वाल्मिकने ती पाचव्यांदा पुसली आणि जयश्रीला पुन्हा लिहायला लावली. जयश्रीने एक-एक अक्षर शोधत लिहिली, बटण दाबले, आणि काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत पुन्हा तेच उमटले: आउट ऑफ डेटा इन ४०.

"माल संपला म्हणतंय," वाल्मिक म्हणाला. "चाळीस नंबरच्या ओळीत."

"पण सर, चाळीस नंबरला फक्त 'वाच' एवढंच लिहिलंय."

"म्हणून तर. वाचायला गेलं आणि संपलं."

हे सांगून झाल्यावर आपण काहीतरी समजावले आहे असे वाल्मिकला वाटले, आणि जयश्रीलाही वाटले. वाल्मिक लिंबायतमध्ये एका लूमखात्याच्या, म्हणजे कापड विणायच्या कारखान्याच्या, वरच्या मजल्यावर दोन जुन्या कॉम्प्युटरांचा क्लास चालवत होता. त्याने स्वतः हे शास्त्र एका इंग्रजी पुस्तकातून घेतले होते आणि विद्यार्थ्यांपेक्षा तो नेहमी दोन धडे पुढे असे. दोन धडे पुढे असलेल्यालाच जगात गुरू म्हणतात, तेव्हा त्यात त्याचा काही दोष नव्हता. खाली लूम चालू असले की क्लासची फरशी थरथरायची आणि पडद्यावरची अक्षरेही थंडी वाजल्यासारखी हलायची. १९९६ सालच्या सुरतेत कॉम्प्युटर शिकायचा म्हणजे एवढे हलणे चालायचेच.

जयश्री बोरसे बारावी झाली होती. गेली दोन वर्षे ती आईबरोबर घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवत होती. सकाळी मान खाली घालायची ती दिवेलागणीला वर करायची. मान वर करून करायचे एखादे काम आयुष्यात मिळावे, एवढीच तिची इच्छा होती, आणि ते काम आता अगदी हाताशी आले होते. तिचे वडील सुकदेव बावीस वर्षे वजुभाई शेठच्या खात्यात लूम चालवत होते. या शेठने मेव्हण्याने घेतला म्हणून कॉम्प्युटर घेतला होता. त्यावर कुंकवाचा साथिया म्हणजे स्वस्तिक काढले होते, प्लास्टिकचे आवरण घातले होते, आणि त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. सुकदेवने एकदा भीत भीत सांगितले की आपली पोरगी ते शिकते आहे. शेठ म्हणाले, बरे, मग चोवीस कारागिरांचे एका दिवसाचे मीटर कॉम्प्युटरात घालून दाखवू दे. एकूण किती, सरासरी किती, पहिला कोण. कागद बरोबर आला तर ऑफिसात खुर्ची तिची.

पुस्तकातल्या नवव्या धड्यात नेमका असाच प्रोग्राम होता. कुठल्याशा परदेशी शाळेतल्या पाच मुलांचे गुण त्यात होते. जयश्रीने मुलांच्या जागी कारागीर घातले, गुणांच्या जागी मीटर घातले आणि पाचाच्या जागी चोवीस. कारागिरांची यादी सुकदेवने स्वतः आपल्या वळणदार अक्षरात लिहून दिली होती. अडचण एवढीच होती की कागदाकडे बघून मग बटणे शोधायची म्हटले की एका नावाला पाच मिनिटे लागत आणि क्लासचा तास साठच मिनिटांचा होता. म्हणून वाल्मिक म्हणाला, वाचून दाखवायला कोणाला तरी आण. जयश्रीने आईला आणले.

शोभाबाई गावाकडे चौथीपर्यंत शिकलेली होती आणि तिचा आवाज खणखणीत होता. मांडीवर अर्धवट टिकल्यांची साडी घेऊन ती कॉम्प्युटरशेजारी बसली आणि हातात यादी धरून नावे वाचू लागली. पहिला दगा, दोनशे एकसष्ट. दुसरा धुडकू, दोनशे बावीस. जयश्री मान न उचलता बटणे शोधत होती. तिसरा मारुती, चौथा रघुनाथ, असे आठ झाले.

आता नवव्या नावाशी काय घडले ते मी इथेच सांगून टाकतो, कारण ते क्लासमध्ये कोणालाच माहीत नव्हते आणि निदान वाचकाला तरी माहीत असावे. नववे नाव सुकदेवचे होते. शोभाबाईने ते नाव लग्नात एकदा उखाण्यात घेतले होते आणि त्यानंतर बावीस वर्षांत तोंडातून काढले नव्हते. मतदार यादीवाला दारात आला तेव्हाही नवऱ्याचे नाव सांगायला तिने शेजारच्या सरलाबाईंना हाक मारली होती. तेव्हा नवव्या नावापाशी ती थांबली. पदर सारखा केला. आपल्या बापाचे नाव तर पोरीला ठाऊकच आहे आणि आकडा समोर कागदावर दिसतोच आहे, असे समजून पोरीचे टाइप होईपर्यंत ती आदराने गप्प बसली. जयश्रीला त्या वेळी स्वल्पविराम सापडत नव्हता. तो सापडायला आणि शोभाबाईने दहावे नाव वाचायला एकच गाठ पडली.

अशा रीतीने चोवीस नावांची तेवीस झाली, आणि पुढे चाललेल्या भानगडीत बिचारी चाळिसावी ओळ पाच वेळा पुसली गेली.

वाल्मिकने मग एक-एक करून उपाय काढायला सुरुवात केली. पहिला संशय व्होल्टेजवर. तो खाली गेला, लूमवाल्याच्या हातापाया पडला आणि दोन लूम पाच मिनिटांसाठी बंद करून आला. फरशी थरथरायची कमी झाली, पण माल संपलेलाच राहिला. मग त्याने कीबोर्ड उलटा करून आपटला, तेव्हा आतून सुताची चांगली बोटभर गुंडाळी निघाली. "सापडलं," तो म्हणाला. ती गुंडाळी त्याने जयश्रीला दाखवली, शोभाबाईला दाखवली आणि एका डबीत जपून ठेवली. माल तरीही संपलेला. शेवटी त्याने फ्लॉपी काढून दुसऱ्या कॉम्प्युटरात घातली. तिथेही तेच उमटले तेव्हा त्याचा चेहरा गंभीर झाला.

"व्हायरस," तो म्हणाला. "ह्याचा त्याला लागला."

शोभाबाईने हे ऐकताच मांडीवरची साडी उचलली आणि जयश्रीला खुर्चीसकट हातभर मागे ओढले.

व्हायरस असेल तर तो कितपत आत गेला आहे हे पाहावे म्हणून वाल्मिकने चोवीसच्या जागी पुस्तकातल्यासारखे पाच लिहून पाहिले. प्रोग्राम गुमान चालला. दहा लिहिले, चालला. वीस लिहिले, चालला. बावीस चालला, तेवीस चालला, आणि चोवीस म्हणताच माल संपला. वाल्मिक बराच वेळ आपल्या बोटांकडे पाहत होता आणि एकाएकी त्याला पुस्तकातल्या कुठल्यातरी पानावरचे वाक्य आठवले.

"अगं, कॉम्प्युटर शून्यापासून मोजतो," तो म्हणाला. "आपण एकपासून मोजतो. शून्य, एक, दोन, असं करत तेवीसला गेलं की किती झाले?"

जयश्रीने बोटांवर मोजले. चोवीस झाले. पुन्हा मोजले, पुन्हा चोवीसच झाले. वाल्मिकने चोवीस होते त्या दोन्ही ठिकाणी तेवीस केले आणि यंत्राने एका दमात उत्तर दिले. एकूण पाच हजार दोनशे नव्वद मीटर, सरासरी दोनशे तीस, पहिला दगा. प्रिंटर किरकिरत कागद बाहेर सोडू लागला. जयश्रीचे डोळे भरून आले. तिने वाकून वाल्मिकच्या पायांना हात लावला आणि शोभाबाईने डब्यातला मुगाचा लाडू त्याच्या हातावर ठेवला. लाडू खाताना वाल्मिकलाही गहिवरून आले, कारण शिकवलेले कोणालातरी कळले असे त्याच्या क्लासमध्ये पहिल्यांदाच घडत होते.

शनिवारी सकाळी जयश्री तो कागद घेऊन वडिलांबरोबर शेठकडे गेली. शेठने कागद घेतला आणि माणसे जशी कुठलाही कागद वाचतात तसा वाचला, म्हणजे सरळ शेवटची ओळ पाहिली. मग कपाटातून आपली वही काढली. खात्यातले कापड घडीच्या टेबलावर मोजून त्याची बेरीज रोज त्या वहीत लिहिली जायची. कारागिरांनी सांगितलेले मीटर आणि टेबलावर भरलेले मीटर यांची गाठ आजवर कोणी घातलीच नव्हती, कारण चोवीस आकडे रोज कोण मांडत बसणार. वहीत त्या दिवशीचे कापड पाच हजार पाचशे ब्याण्णव मीटर होते.

खुर्ची गेली, असे जयश्रीला वाटले.

शेठने मेहताजींना बोलावले. मेहताजी चाळीस वर्षे हिशेब लिहीत आलेले, आणि या यंत्राशी त्यांचे आधीपासून वाकडे. चूक निघणार या आनंदात त्यांनी कागदावरच्या सगळ्या आकड्यांची हाताने बेरीज केली. पाच हजार दोनशे नव्वद आली. खालून वर केली, तरी तेवढीच. कॉम्प्युटरची बेरीज चोख होती, हे मेहताजींनी फार दुःखाने जाहीर केले. कागदावर ओळी किती आहेत हे त्यांनी मोजले नाही, कारण ते कोणी विचारले नव्हते. मग घडी करणाऱ्याला कापड पुन्हा मोजायला लावले. त्याला हा आपला अपमान वाटला, त्याने रागाच्या भरात दोनदा मोजले आणि दोन्ही वेळा पाच हजार पाचशे ब्याण्णवच भरले.

"तो आ त्रणसो बे मीटर कोणे वण्या?" शेठने विचारले.

तीनशे दोन मीटर विणले कोणी, या प्रश्नाने लूम थांबले. शेठने कारागिरांना एकेक करून विचारले की बाबा, तू सांगितल्यापेक्षा जास्त विणलेस का. प्रत्येकाने छातीवर हात ठेवून सांगितले की जेवढे काढले तेवढेच सांगितले. सुकदेवनेही तसेच सांगितले आणि ते शंभर टक्के खरे होते; आकडा रोज वेगळा, त्यामुळे त्या दिवशीचा आपला आकडा कोणता हे त्याच्या ध्यानात राहिले नव्हते. चोरीचा माल कोणी आणून ठेवला म्हणावे, तर घरात माल आणून ठेवणारा चोर कोणी पाहिला नव्हता. अखेर दगा पुढे झाला. दगा गावाकडून आला तरी गावातले सगळे देव बरोबर घेऊन आला होता. तो म्हणाला, श्रावण आहे, नुकतीच आपल्या गावची देवी कानबाई बसवून आपण तिला निरोप दिला आहे, आणि जाता जाता आई लूमवर एक पाळी करून गेली आहे. हे म्हणताना त्याच्या अंगावर काटा आला आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या मारुतीच्याही आला.

शेठला कानबाईचे फारसे माहीत नव्हते, पण आपल्याकडे लक्ष्मी यावी याला त्यांची ना नव्हती. कॉम्प्युटरने पहिल्यांदा हिशेब केला आणि तीनशे दोन मीटर फुकट आले, यातला संबंध त्यांना ताबडतोब दिसला. त्यांनी जयश्रीच्या डोक्यावर हात ठेवला. "तारां पगलां बहु सारां छे, बेन," ते म्हणाले, आणि पोरीच्या पायगुणावर तिथल्या तिथे खुर्ची देऊन टाकली. सोमवारपासून ये म्हणाले. उद्या रविवारी खाते बंद असते, तेव्हा सत्यनारायण घालू म्हणाले आणि मेव्हण्याला फोन लावला. मेव्हण्याच्या कॉम्प्युटरने अजून एक मीटरसुद्धा कापड दिले नव्हते.

पहिला आला म्हणून दगाला टोपी आणि उपरणे मिळाले. सुकदेवने त्याची पाठ थोपटली. मग सर्वांत जुना कारागीर म्हणून देवीच्या नावाने नारळ फोडायचा मान सुकदेवला मिळाला. त्याने डोळे मिटले, जिने कोणी ते तीनशे दोन मीटर विणले तिला मनोभावे नमस्कार केला आणि एका घावात नारळ फोडला.

संध्याकाळी जेवताना त्याने ही सगळी हकिकत बायकोला सांगितली. पोरीची खुर्ची पक्की झाल्याचे सांगताना घास तसाच त्याच्या हातात राहिला. शोभाबाई तव्यावरची भाकरी उलटत ऐकत होती. तिने देवाकडे पाहून हात जोडले. मग काहीतरी आठवून ती थांबली.

"दगा पहिला कसा काय?" ती म्हणाली. "दोनशे एकसष्ट मोठं का तीनशे दोन मोठं?"

"तीनशे दोन देवीनं शे," सुकदेव म्हणाला.

"कोनी देवी? यादीमा व्हतं ना ते. नववं."

"नववं कोणतं, माय?" जयश्रीने विचारले.

शोभाबाईने तवा उतरवला आणि पोरीकडे नुसते पाहिले. मग म्हणाली, "आठवं झायं, मंग मी थांबनू नही का तठे?"

जयश्रीने हातातली भाकरी ताटात ठेवली. नावांच्या ओळींना पुस्तकातल्यासारखे दहा-दहाच्या फरकाने आकडे द्यायचे असत. तिने शंभरपासून सुरुवात केली होती. चोवीस नावे असती तर शेवटची ओळ तीनशे तीस नंबरची यायला हवी होती. ती तीनशे वीसला आली होती. हे तिला आता, चुलीसमोर बसून, पडद्यावर दिसावे तितके स्वच्छ दिसले. माल संपला, असे यंत्र सारखे सांगत होते. ते खरेच संपला म्हणून सांगत होते.

तिने वडिलांना हळूहळू समजावून सांगितले. सुकदेव ऐकत गेला.

"म्हंजे आज मी मन्हाच कापडले नारळ फोडा?" शेवटी तो म्हणाला.

"फोडा ते फोडा," शोभाबाई म्हणाली. "बावीस वरीसमा कोनी तरी फोडा."

यावर सुकदेव पहिल्यांदा हसला. पण जयश्रीला हसू येईना. खुर्ची मिळाली होती ती पायगुणावर, आणि पायगुण म्हणजे तर चूक निघाली. उद्या सत्यनारायण होता, शिऱ्याचा रवा आणून झाला होता, शेठचा मेव्हणा येणार होता. खरे सांगावे तर शेठ यंत्रावर पुन्हा प्लास्टिक घालणार आणि आपण पुन्हा टिकल्यांवर मान घालणार. न सांगावे तर कोणाचे काही बिघडत नव्हते. सुकदेवनेही हेच म्हटले. तो आयुष्यात कधी मीटरभर खोटे बोलला नव्हता, पण पोरीसाठी तो गप्प राहायला तयार होता.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "कापड गोदाममा शे. चोरी नही, लबाडी नही. पोरले खुर्ची भेटनी, आखो काय पायजे?"

शोभाबाईने नवऱ्याच्या ताटात भाकरी वाढली आणि परात बाजूला सारली.

"तेवीस मानसं?" ती म्हणाली. "मंग मी बावीस वरीसपासून कोना डबा भरी राहिनू?"

जयश्रीने उठून ती यादी शोधली आणि आईच्या हातात दिली, तेव्हा जेवण तिथेच आटोपले.

रविवारी सकाळी ती तिघे खात्यात पोचली तेव्हा लूम गप्प उभे होते आणि मधल्या मोकळ्या जागेत चौरंग मांडला होता. केळीचे खुंट बांधले होते. कॉम्प्युटरला झेंडूची माळ आणि लिंबू-मिरची दोन्ही लावले होते, म्हणजे स्वागतही झाले आणि दृष्टही टळली. शेठ आणि शेठाणी पाटावर बसायच्या बेतात होते. मेव्हणा खुर्चीवर बसून यंत्राकडे तिरक्या नजरेने बघत होता.

जयश्री पुढे झाली. घरून निघताना तिने चार वाक्ये पाठ केली होती, त्यातले एकही आठवेना.

"शेठ, मशीन बरोबर होतं," ती म्हणाली. "एक माणूस कमी आहे असं ते पहिल्यापासून सांगत होतं. आम्हाला कळलं नाही, म्हणून आम्हीच त्याला गप्प केलं."

शेठला अर्थ लागेना. मेहताजी मात्र लगेच जवळ सरकले. तेव्हा शोभाबाईने पदराआडून सुकदेवच्या हातची ती यादी काढली, शेठपुढे धरली आणि नवव्या ओळीवर बोट ठेवले. शेठने ती मोठ्याने वाचली. "सुकदेव बोरसे. त्रणसो बे." मग त्यांनी कॉम्प्युटरचा कागद मागवला आणि आयुष्यात प्रथमच तो वरून खाली वाचला. तेवीस नावे भरली. मेहताजींनी ती पुन्हा मोजली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कालपासून पहिल्यांदा समाधान पसरले.

हे नाव वाचले का नाही, असे शेठने शोभाबाईला विचारले. तिने मान खाली घातली.

"मी थांबनू व्हतू," ती म्हणाली. "नवव्यावर मी थांबनू."

कोपऱ्यातून कोणीतरी कारागीर म्हणाला की वहिनींनी आता उखाण्यात घ्यावे. शोभाबाईने तिकडे असे पाहिले की त्याने तोंड फिरवून लूमचा पट्टा तपासायला घेतला. शेठने वळून शेठाणीकडे पाहिले. शेठाणी छत्तीस वर्षे त्यांना "सांभळो छो?" म्हणजे "ऐकता का?" एवढ्याच नावाने हाक मारत आली होती. तिला केव्हाच सगळे समजले होते. ती पाटावरून उठून उभी राहिली होती आणि हाताने शोभाबाईला जवळ बोलावत होती.

भटजींनी घड्याळाकडे पाहून विचारले की संकल्प कशाचा करायचा आहे, कारण यजमानाने आधी सांगितलेले कारण आता राहिलेले दिसत नाही. मेव्हणा यावर मोठ्याने हसला. तो हसला नसता तर शेठने काय केले असते कोण जाणे. पण तो हसला, आणि शेठ ताठ उभे राहिले. ते म्हणाले की कारण जसेच्या तसे आहे. तीनशे दोन मीटर ज्याने दिले त्याचे आभार मानायला पूजा ठेवली होती. देणारा कोण हे काल ठाऊक नव्हते, आज ठाऊक झाले.

"बेसाडो एमने," ते सुकदेवकडे आणि मग पाटाकडे हात करून म्हणाले.

सुकदेव मागे सरला. शर्टाला तंतू चिकटले आहेत म्हणाला, सोवळे नाही म्हणाला, पाट शेठचा आहे म्हणाला. दगाने आपले उपरणे काढून त्याच्या खांद्यावर घातले आणि त्याला दंडाला धरून पाटावर बसवले. शेठाणीने शोभाबाईला शेजारी बसवले. बावीस वर्षे ज्या जागी उभे राहून काम केले त्या जागी तो पहिल्यांदा बसला होता, आणि त्याला हात कुठे ठेवावेत हेच समजत नव्हते. भटजींनी हात जोडा म्हटल्यावर त्याची सुटका झाली. त्याने कोणाचे आभार मानले, ते त्याने कोणाला सांगितले नाही. डोळ्यांतून पाणी येत होते ते धुपाचे नव्हते, एवढे जयश्रीला दिसले.

ती स्वतः मात्र अजून केळीच्या खुंटाला टेकून उभी होती. पूजा वडिलांची झाली, पण खुर्चीचे काय, हे कोणीच बोलले नव्हते. प्रसाद वाटताना शेठ तिच्यासमोर आले. ते म्हणाले की पायगुणाचे आता विसर, पायगुणाला मी खुर्ची देत नाही. माझ्या खात्यात मेहताजी आहेत, घडीवाला आहे, मी स्वतः आहे. एक माणूस मोजायचा राहिला आहे असे आजवर आम्हाला कोणी सांगितले नाही. तुझ्या यंत्राने सांगितले आणि तू येऊन सांगितलेस. सोमवारी दहाला ये. मग थोडे थांबून म्हणाले की येताना आईलाही आण. आवाज चांगला आहे, वाचायला तीच बसेल.

जयश्रीने विचारले, "पण शेठ, नवव्याला काय करायचं?"

"नववुं नाम हुं बोलीश," शेठ म्हणाले आणि शिऱ्याचे पातेले घेऊन पुढे सरकले.

त्या सोमवारपासून रोज वजुभाई शेठच्या ऑफिसात मायलेकी कॉम्प्युटरसमोर बसतात. टिकल्यांच्या साड्या घरी आता कोणी आणत नाही. वाल्मिकला जयश्रीने सगळे सांगितले, तेव्हा त्याने नवव्या धड्याच्या समासात लिहून ठेवले की माल संपला म्हटले तर आधी माल मोजावा. त्या एका वाक्यासाठी पुढच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी त्याला दुवा दिला. शोभाबाई खणखणीत आवाजात यादी वाचते. आठवे नाव झाले की ती थांबते आणि पदर सारखा करते. शेठ गादीवर असतील तिथून, कधी पावती लिहिता लिहिता, तर कधी फोनवर बोलताना रिसीव्हर बाजूला धरून, "सुकदेव" असे म्हणतात. पलीकडच्या व्यापाऱ्याला वाटते की शेठला भूल पडली.

आकडा मात्र शोभाबाई स्वतः वाचते, आणि बाकीच्या तेवीस आकड्यांपेक्षा जरा मोठ्याने वाचते.